डोमाजी पारखींचा पांढरा पुंजका

डोमाजी पारखींचा मला पहिल्याच दिवशी राग आला आणि तो आजतागायत पुरता गेलेला नाही. जुना माणूस आठवला की डोळ्यांत पाणी यावं अशी आपल्याकडे रीत आहे. डोमाजी आठवले की माझ्या कपाळाला आधी आठी पडते, बाकीचं सगळं मागाहून.

त्या दिवशी मी अमरावतीला गुलाबशेठच्या कापसाच्या अडतीवर नवा कारकून म्हणून रुजू होत होतो. धुतलेलं धोतर, नवी पगडी, काखेत दौत-लेखणीची पेटी असा थाट होता. दुकानाच्या उत्तरेकडच्या दारात एक बुटका, काळासावळा माणूस मांडी घालून बसला होता. समोर कापसाचा ढीग आणि हातात मूठभर कापूस. मी अदबीनं विचारलं, "शेठ आहेत का?" त्यानं मान वर केली नाही. नुसतं म्हणाला, "उजेड सोडा."

मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी पुन्हा विचारलं.

"उजेड सोडा, भाऊ! दारात उभे राह्यले तुमी. मले कापूस दिसून नाही राह्यला."

मी बाजूला झालो. पुढच्या तीन वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले त्याला सुमार नाही. मी ऐकले, हमालांनी ऐकले, खुद्द शेठनी ऐकले. एकदा तर मामलेदार घोड्यावरून उतरून दारात उभे राहिले, त्यांनाही तेच ऐकावं लागलं. मामलेदार बिचारे खरोखर बाजूला सरकले आणि मागाहून मला विचारू लागले, हा गृहस्थ कोण?

हा गृहस्थ मूळचा भातकुलीकडचा कुणबी. हातात विळा धरायच्या वयापासून कापसात वाढलेला. शेतकऱ्याची गाडी दुकानापुढे लागली की डोमाजी तिच्यात तीन ठिकाणी कोपरापर्यंत हात घालायचे, वर, मध्ये आणि तळाशी. तिन्ही जागचा कापूस दारातल्या उजेडात आणायचे. मुठीत दाबून ओल बघायची, पत्ती म्हणजे वाळल्या पाल्याचा चुरा बघायचा, धागा ओढून लांबी बघायची आणि मग रंग. इतर पारखीही हेच करतात. पण डोमाजींना पांढऱ्याचे सात प्रकार दिसत. त्यांच्या पुढ्यात सात खणांचं एक लाकडी तबक असे. प्रत्येक खणात कापसाचा एकेक पुंजका, पहिली, दुसरी, तिसरी असं करत सातवीपर्यंत. सातवी म्हणजे कवडी, किडका पिवळट कापूस. दर दसऱ्याला ते तबक रिकामं करून नव्या कापसानं भरत. जुना कापूस पिवळा पडतो, आणि पिवळ्याशेजारी ठेवला की कुठलाही माल चांगला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्या तबकाकडे तीन वर्षं पाहिलं. सातवी मला ओळखू येई, पण पहिली आणि चौथी यांत मला कधीच फरक दिसला नाही. तरी त्यांनी "पाह्यलं ना, पंत?" म्हणून विचारलं की मी "हो, हो" म्हणायचो. कटकट मिटवायची माझी ती रीत होती, आणि पुढे तीच मला भोवली.

बरं, ही पारख दुकानापुरती ठेवावी की नाही? तसं काही नाही. जे जे पांढरं, ते ते डोमाजी उजेडात नेणार. जेवायला बसले की भात उजेडात. लग्नाला गेले की अक्षता उजेडात, आणि वर यजमानाला, "तीन जागचे तांदूय हायेत हे." शेठचे काका वारले तेव्हा आम्ही सगळे अंगणात खाली मान घालून उभे होतो. डोमाजी पुढे झाले, प्रेतावरच्या कापडाचं टोक दोन बोटांत धरून उन्हाकडे वळवलं आणि हळू आवाजात शेठना म्हणाले, "काठाकडे कवडी घातली हाये. फसवलं तुमाले." शेठ रडता रडता थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना मी त्यांना म्हणालो, "अहो, वेळकाळ काही आहे की नाही?" तर म्हणाले, "वेय चांगली होती ना. दुपारचं ऊन होतं."

त्यांची बायको रुक्माबाई मोठी हसतमुख होती. तिला मी एकदा विचारलं, "तुम्ही यांच्यापाशी दिवस कसे काढता?" ती म्हणाली, "पंत, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यायनं मले उजेडात उभं केलं अन् म्हणे, चांगली हायेस. तवापासून मले दुसऱ्या कोनाचं काही वाटतच नाही." डोमाजी शेजारी बसून विडा लावत होते. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसानं लोकांची डोकी फिरली होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसासाठी साहेब लोकांची रीघ लागली. येईल तो माल जाऊ लागला. मग काय, गाडीच्या तळाला सरकी आणि पाला, मध्ये पाणी मारलेला कापूस आणि वर तेवढा पांढराशुभ्र. सगळ्या पेठेनं डोळ्यांवर कातडं ओढलं, फक्त आमच्या दारातल्या माणसानं नाही. रोज दोन-चार गाड्या परत. शेठ कळवळून म्हणायचे, "डोमाजी, आजकल घास भेजो तो वो भी विलायत जाती है. तुम काहे को रोकते हो?"

"गवत म्हनून धाडा, मी कायले रोकू? कापूस म्हनून नोका धाडू."

शेठ माझ्याकडे बघत, मी आढ्याकडे बघे. एक मात्र खरं, पेठेत डोमाजींच्या शब्दाला तोड नव्हती. डोमाजींनी 'दुसरीची' म्हटलं की मुंबईचा व्यापारी गाठ फोडून बघत नसे. त्या दारातली ती हातभर जागा हीच त्यांची सगळी मिळकत होती. शेती भावांकडे राहिलेली, मुलगा नाही, एक मुलगी होती ती सासरी. ती बैठक काढून घेतली तर डोमाजींचं काय उरेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. त्यांच्या मनात तर तो कधीच आला नसावा, नाहीतर माणूस जरा तरी जपून वागला असता.

हातात पैसा खुळखुळायला लागला की माणूस काय घरी आणेल सांगता येत नाही. शेठनी मुंबईहून दोन झुंबरं आणली, ती टांगायला आढं पुरेना. एक घड्याळ आणलं, ते दुपारी बारालाही तेरा टोले द्यायचं. आणि कोणा साहेबाच्या लिलावातून एक दुर्बीण आणली. पुरुषभर लांब, पितळी, तिवईवर बसवलेली, तोंड टीचभर रुंद. तिचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेठनी ती वाड्याच्या धाब्यावर, म्हणजे सपाट गच्चीवर ठेवली (त्याच वाड्याच्या मागल्या खोल्यांत माझं आणि डोमाजींचं बिऱ्हाड होतं) आणि अचलपूरच्या रस्त्यानं कोणाच्या दुकानाकडे किती गाड्या चालल्या ते तिच्यातून पाहू लागले. दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. चाकं वर आणि बैल खाली असल्या गाड्या मोजून शेठची मान दुखायला लागली आणि त्यांनी नाद सोडला. डोमाजींनी मात्र पहिल्याच संध्याकाळी तिचं तोंड आभाळाकडे फिरवलं. का, तर वर पांढरं पुष्कळ आहे.

तेव्हा बडनेऱ्याकडे आगगाडीच्या रस्त्याची आखणी चालली होती. तिथला एक इंजिनेर साहेब, लाल मिशांचा, हौशी माणूस, दुर्बिणीचं ऐकून शेठकडे आला. त्याच्याजवळ ताऱ्यांच्या नकाशांचं पुस्तक होतं. मोडक्या हिंदुस्थानीत त्यानं सांगितलं, की रोहिणीचा जो गाडा तुम्ही म्हणता, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या ताऱ्याशेजारी एक अगदी बारीक तारा आहे. त्या ताऱ्याला लागून एक धुरकट पुंजका दहा-बारा वर्षांमागे विलायतेत एका साहेबाला सापडला. आजच्या पुस्तकांत अशा पुंजक्याला तेजोमेघ म्हणतात. साहेब दोन संध्याकाळ दुर्बिणीला डोळा लावून बसला, त्याला काही सापडेना. तिसऱ्या संध्याकाळी डोमाजी म्हणाले, "मी पाहू?" आणि डोळा लावल्यावर घटकाभर हललेच नाहीत. मग म्हणाले, "हाये. गाड्यातून कापूस सांडला हाये जरासा. दुसरीची. एका कडेले पत्ती हाये."

साहेबानं त्या जागी पुन्हा पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. त्यालाही दिसला! डोमाजींचा हात हातात घेऊन तो कितीतरी वेळ हलवत राहिला. शेठची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेत बोलबाला झाला, की गुलाबशेठच्या पारख्याला जे दिसतं ते साहेबालाही दिसत नाही. लोक मुद्दाम डोमाजींचे डोळे बघायला येऊ लागले. त्यांना ते काय म्हणाले असतील हे सांगायला नकोच.

मलाही धाब्यावर बोलावलं. मी डोळा लावला. मला माझी पापणी दिसली, नंतर काळोख, नंतर पुन्हा पापणी. खाली बायको ताट वाढून बसली होती. "दिसला ना, पंत?" डोमाजींनी विचारलं. मी म्हणालो, "हो, हो, छान आहे." आणि जेवायला गेलो.

तो पुंजका मी तेव्हा पाहिला नाही आणि नंतरही कधी पाहिला नाही. पण एकदा 'हो' म्हटलेला माणूस माघारी कसा जाणार? डोमाजींना लिहिता येत नव्हतं. दर पंधरवड्याला मला धाब्यावर नेऊन ते माझ्याकडून एक ओळ लिहून घेत. जुन्या पत्रांच्या कोऱ्या पाठी मी त्यासाठी शिवून ठेवल्या होत्या. 'माघ शुद्ध पंचमी, सांज, आभाळ साफ, पुंजका दुसरीचा.' 'फाल्गुन वद्य द्वितीया, पुंजका दुसरीचा, किंचित धुळकट.' सोबत ते तबक धाब्यावर आणलेलं असे. झाकल्या कंदिलाच्या बारीक फटीपुढे एकेक पुंजका धरायचा, मग दुर्बिणीला डोळा लावायचा, मग पुन्हा तबक. एका ओळीसाठी दोन-दोन घटका! मी जांभया देई आणि विचारलं की मान डोलवी.

दुसऱ्या वर्षी माघात म्हणाले, "पंत, तिसरीवर आला."

मी म्हणालो, "डोमाजी, आभाळातली वस्तू आहे ती. गाडीतला कापूस नाही मळायला."

"कापूस नाही मयला. उजेड कमी झाला."

"कोणाचा उजेड?"

त्यांनी तबकातला पहिलीचा पुंजका उचलून कंदिलाशेजारी धरला. "पाहा. हा कापूस सोताचा उजेड देते काय? नाही देत. दिवा हाये म्हनून दिसते. तथीबी तसंच हाये. थो बारीक तारा म्हंजे दिवा, अन् हा त्याच्या भवतालचा कापूस. आता पाहा." त्यांनी कंदिलाची वात खाली केली आणि पुंजका करडा झाला. "एक तं दिवा मिनमिनला, नाहीतं कोनी मधात येऊन उजेड अडवला. कापूस जागच्या जागी हाये."

"तारा कसा मिणमिणेल? तारे सृष्टीच्या आरंभापासून आहेत तसे आहेत. वाटेल त्या शास्त्रीबुवांना विचारा."

तेव्हा त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. खालून तान्ह्या नातीचं रडणं वर ऐकू येत होतं. डोमाजींनी तिकडे कान दिला आणि म्हणाले, "ही पोर कधी झोपते, कधी उठते, सांगता येते काय? दोन महिने झाले, घरादाराले झोप नाही. अन् माह्यं पाहा, मी कोंबड्यासंगं उठतो. ज्याचं झोपनं-उठनं ठरलं नाही, थे लेकरू. हा तारा अजून पायन्यात हाये, पंत. बोंड आत्ता उकलून राह्यलं. भवताल रुई अन् अंदर तारा."

मला असला संताप आला! अश्विनी-भरणीपासून सत्तावीस नक्षत्रं पाठ केलेल्या ब्राह्मणाला एक कापूस-पारखी सांगतो की तारा पाळण्यात आहे! मी दप्तर मिटलं आणि त्यांनी सांगितलेली ओळ न लिहिताच खाली गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माझ्याकडून लिहून घेतलीच.

तिसऱ्या वर्षी थंडी पडली आणि पुंजका दिसेना. पौषात म्हणाले, "पाचवीचा, असला तं." माघाच्या सुरुवातीला म्हणाले, "नाही."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. ज्याची भाकर डोळ्यांवर अवलंबून आहे त्यानं भर पेठेत सांगायचं नसतं, की काल दिसत होतं ते आज मला दिसत नाही. डोमाजींनी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. "पुंजका गेला, पाह्यलं काय?" लोक "अस्सं?" म्हणत आणि दोन दुकानं पुढे जाऊन म्हणत, डोमाजीचे डोळे गेले.

मी त्यांना मागल्या अंगणात नेलं. हात जोडले. "डोमाजी, तुम्ही नुसतं आहे म्हणा. आभाळात जाऊन कोण बघणार आहे? त्यात तुमचं काय जातं?"

"तुमी मले ओल्या कापसाले कोरडा म्हनायले सांगून राह्यले, पंत."

"इथं कापसाचा काय संबंध?"

"थोच तं संबंध हाये."

या माणसापुढे डोकं आपटून काय उपयोग? त्याच आठवड्यात त्यांनी शेठच्या व्याह्यांच्या सगळ्या गाड्या परत पाठवल्या. तळापर्यंत ओला माल होता. व्याही दारात उभे राहून तावातावानं बोलत होते, आणि डोमाजी त्यांना काय म्हणाले? "उजेड सोडा." व्याही थेट शेठकडे गेले. हा माणूस आंधळा झाला आहे, म्हणाले, त्याला चांगल्या मालात घाण दिसते, सगळ्या पेठेला ठाऊक आहे. शेठना हवं होतं ते निमित्त आयतं हातात आलं. पण शेठ मनानं दुष्ट नव्हते. म्हणाले, परीक्षा घेऊ. धाब्यावर चार जण बघू दे. पुंजका नसेल तर डोमाजी खरे आणि बैठक त्यांचीच. असेल तर डोळे गेले, दारात दुसरा माणूस बसेल.

माघातल्या अवसेला दिवेलागणीनंतर सगळे धाब्यावर जमले. शेठ, व्याही, पेठेतले तीन-चार व्यापारी आणि आखणीच्या तळावरून मुद्दाम बोलावलेला इंजिनेर साहेब. रोहिणीचा गाडा डोक्यावर होता. साहेबानं पुस्तक उघडून नकाशा पाहिला, दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "है. थोड़ा कम है, लेकिन है." आणि समजावून सांगितलं, की अशा वस्तूंना बदलायला लाखो वर्षं लागतात, दोन वर्षांत काही जात नसतं. एकदा साहेबानं 'है' म्हटल्यावर काय, व्याह्यांना दिसला. व्यापाऱ्यांना दिसला. एकाला तर दोन दिसले.

शेवटी शेठ म्हणाले, "पंत, तुम तो तीन साल से लिखते हो. तुम बोलो."

मी दुर्बिणीपाशी गेलो. पापणी दिसली. माझ्या मनात काय काय आलं! नाही म्हटलं तर साहेब खोटा, शेठचे व्याही खोटे. आणि नाही म्हटल्यावर कोणी विचारलं, की तीन वर्षं कुठे दिसत होता, जरा दाखवा, तर? माझी नोकरी, दोन लग्नाच्या मुली. मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "आहे."

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कापसाकडे बघत तसं. मग त्यांनी स्वतः डोळा लावला. त्यांनाही एक शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. सगळे वाटच बघत होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो, एकदा म्हणा!

"नाही," डोमाजी म्हणाले. "बाकीच्याले दिसून राह्यलं असन तं दिसो. मले नाही दिसत. लिवा, पंत. माघ वद्य अमावास्या, सांज, आभाळ साफ, पुंजका नाही."

आणि मी ते लिहिलं. सगळ्यांच्या समोर, माझ्या वळणदार मोडीत. तोंडानं 'आहे' म्हणणारा मी आणि हातानं 'नाही' लिहिणाराही मीच. तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी दुकानात आले. तबकातले सातही पुंजके त्यांनी एकेक करून ढिगावर टाकले, कारण कापूस शेठचा होता. रिकामं तबक काखेत मारलं, कारण ते त्यांचं होतं. दाराशी शेठचा पुतण्या बसला होता, उजेडाकडे पाठ करून. डोमाजींनी त्याला खांद्याला धरून उत्तरेकडे वळवून बसवलं आणि निघून गेले. अकोल्याला रुक्माबाईचे भाऊ होते, तिकडे गेल्याचं मागाहून कळलं. मला त्यांनी निरोप दिला नाही. खरं म्हणजे मीच मागच्या खोलीत जाऊन बसलो होतो.

पुढं आगगाडी आली. अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला आणि झुंबरं न टांगताच विकली गेली. त्या धांदलीत एक दिवस शेठना साहेबाचं इंग्रजी पत्र आलं. साहेबाची भुसावळकडे बदली झाली होती. मी ते शाळेच्या हेडमास्तरांकडून वाचून घेतलं. विलायतेच्या आणि इतर मुलखांच्या मोठमोठ्या दुर्बिणींतूनही तो पुंजका सापडेनासा झाल्याचं त्यानं एका मासिकात वाचलं होतं. 'तुमचा पारखी खरं बोलत होता,' असं त्यानं लिहिलं होतं. 'पुस्तकात आहे म्हणून मला दिसला. मला लाज वाटते, हे त्याला कळवावं.' शेठनी ऐकलं, "अच्छा," म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मला तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी पत्र आणि हेडमास्तरांनी केलेलं मराठी भाषांतर खिशात घालून मी आगगाडीनं अकोल्याला गेलो.

डोमाजी स्टेशनजवळच्या कापसाच्या आवारात सापडले. पारखी म्हणून नव्हे. बायामाणसं ओळीनं बसून कापसातला कचरा वेचत होती, त्या ओळीत ते बसले होते. डोळे गेलेल्या पारख्याला दुसरं काम कोण देणार? सगळी ओळ सावली धरून भिंतीशी बसली होती, हे एकटेच उत्तरेकडे तोंड करून बसलेले. केस पिकले होते. मी समोर उभा राहून पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, नाहीतर मला शिव्या तरी देईल.

ते म्हणाले, "साहेबानं महिना नाही लिवला? पौषात पाह्यलं का माघात?"

"अहो, महिन्याचं काय घेऊन बसलात! हे पत्र घ्या आणि इथल्या मालकाला दाखवा. साहेबाच्या हातचं आहे. उद्याच्या उद्या तुम्हाला बैठक मिळेल."

"कापूस पारखायले विलायतेचं पत्र लागते काय?"

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "तुम्ही जन्मभर असेच राहणार! घ्या ना ते पत्र! एवढं तरी ऐका माझं!" बाया वेचायच्या थांबून बघू लागल्या. आणि त्या ओरडण्याच्या भरातच माझ्या तोंडून निघून गेलं, "डोमाजी, मी तो पुंजका कधीच पाहिला नव्हता. एकदाही नाही. तीन वर्षं मी खोटं बोललो."

"मले माहीत होतं," ते कापूस वेचता वेचता म्हणाले. "पयल्याच सांजी पाह्यलं म्या. जो डोया तुमी दुर्बिनीले लावत होते, थोच मिटत होते."

मी त्यांच्या पुढ्यात खाली बसलो. म्हणालो, "मग त्या दिवशी धाब्यावर का नाही बोललात? एवढं एक वाक्य बोलला असता तर माझी साक्ष फुकट गेली असती. कदाचित तुमची बैठक राहिली असती."

"अन् तुमाले शेठनं ठेवलं असतं काय? दोन पोरी लग्नाच्या होत्या घरात." त्यांनी एक पत्ती काढून बाजूला टाकली. "अन् त्यायनं मले पुंजक्याची पारख इचारली होती, पंत. तुमची नाही इचारली."

आयुष्यभर जिथं तिथं नको ते बोललेला माणूस. प्रेतावरच्या कापडाचा दोष ज्याला गिळता आला नाही, त्यानं माझा दोष इतकी वर्षं गिळला होता. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"एक करा," तेच म्हणाले. "माघात कोनाजवय दुर्बीन भेटली तं पाहा. खरंच पाहा. थे परत आलं असन."

"परत कसं येईल?"

"लेकरू हाये, झोपलं असन. उठन कधीतरी."

मी उठून उभा राहिलो. पत्राची घडी करून खिशात घालत तिथंच थांबलो. डोमाजींनी नवा पुंजका उचलला, वर धरला आणि कपाळाला आठी घातली.

"उजेड सोडा, पंत."

मी बाजूला झालो.